ब्रेकचा कोणता आवाज चालवून घ्यायचा आणि कोणत्याला गाडी जागेवर उभी करायची

शहरात ब्रेकमधून आवाज आला तर माणूस कामावर जाता जाता गाडी गॅरेजला टाकतो. आपल्याकडे गावापासून तालुका पंचवीस-तीस किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता गिट्टी उखडलेला, आणि कापसाच्या वेचणीत गाडी एक दिवस घरी उभी राहिली तरी मजुरांची ने-आण अडते. आवाज कशाचा हे कळणं महत्त्वाचं आहेच, पण त्याहून निकडीचा प्रश्न असतो की या आवाजासकट तालुक्यापर्यंत जाता येईल का. बहुतेक वेळा जाता येतं. काही वेळा अजिबात जाऊ नये. हा फरक गाडीत बसल्या बसल्या ओळखता येतो, आणि घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला तो आला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी चाकाच्या आत काय असतं ते पाहू. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना, मग ती अल्टो असो, इको असो की बोलेरो, पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतो. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, तबकडी. तिच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड असतं. पेडल दाबलं की ब्रेक ऑईलच्या दाबाने कॅलिपरमधला, म्हणजे पॅड धरणाऱ्या पकडीतला, पिस्टन सरकतो आणि दोन्ही पॅड फिरत्या तबकडीला आवळतात. ड्रममध्ये बिडाचा गोल डबा फिरतो आणि आतले दोन लायनर बाहेर फाकून त्याच्या आतल्या भिंतीला घासतात. ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून थांबवण्याचं जास्त काम पुढची चाकं करतात. पुढचे पॅड आधी झिजतात ते त्यामुळेच, आणि बरेचसे आवाजही पुढूनच येतात.

आमच्या भागातले एक जुने मिस्त्री आहेत. गाडी आली की ते लगेच पाना हातात घेत नाहीत. आधी विचारतात, "ब्रेक दाबल्यावर येते का न दाबताच येते, थे सांगा पयले." निम्मं निदान या एका प्रश्नात होतं. दाबल्यावरच येणारा आवाज पॅड, डिस्क, लायनर यांचा. न दाबताही येणारा, चाकाच्या फेऱ्यांबरोबर वाढणारा आवाज बहुधा दुसऱ्या कशाचा तरी असतो, नाहीतर ब्रेक कुठेतरी अडकून राहिलेला असतो. पुढचे प्रश्न म्हणजे सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकलाच येतो की दिवसभर, वळणावर बदलतो का, आणि कोणत्या चाकातून येतो. हे तपासायचं तर रिकाम्या रस्त्यावर काचा खाली करून, गाणी आणि पंखा बंद करून, वीस-तीसच्या वेगाने गाडी एखाद्या भिंतीच्या किंवा कंपाउंडच्या बाजूने न्या. भिंतीवरून आवाज परत येतो, त्यामुळे आतून न कळणारी घासही ऐकू येते. सोबत कोणी असेल तर त्याला मागच्या सीटवर बसवा. पुढचा आवाज आणि मागचा आवाज दोन माणसांना लवकर वेगळा काढता येतो.

सकाळची खरखर

दिवाळीनंतर रात्री दव पडायला लागलं की अंगणात उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस थर दिसतो. बीड उघडं असतं, त्यावर रंग नसतो, एका रात्रीत गंज धरतो. पावसाळ्यात तर तासाभरातही धरतो. सकाळी गाडी काढल्यावर पहिल्या चार-पाच ब्रेकला खरखर होते, पॅड तो गंज घासून काढतात आणि आवाज जातो. यात काहीही बिघाड नाही. यासाठी गॅरेजला जाऊन पैसे घालवू नका.

गाडी महिना-महिना उभी राहत असेल तर गोष्ट वेगळी. हॅन्डब्रेक ओढून पावसाळ्यात उभी ठेवलेली गाडी काढताना मागून 'टक्' असा जोरात आवाज येतो आणि मग चाक सुटतं. लायनर ओल्या ड्रमला चिकटलेलं असतं. कधी ते सुटतच नाही आणि चाक फरपटत येतं. जास्त दिवस उभी ठेवायची गाडी सपाट जागी, गिअरमध्ये टाकून, चाकांना पुढून-मागून दगड लावून ठेवावी आणि हॅन्डब्रेक सैल सोडावा.

बारीक, कर्कश किंचाळी

सगळ्यात जास्त लोक याच आवाजाने घाबरतात, आणि याचीच कारणं सगळ्यात वेगवेगळी असतात. पॅड डिस्कवर एकसारखं सरकत नाही. ते क्षणभर धरतं, सुटतं, पुन्हा धरतं, आणि हे सेकंदाला हजारो वेळा होतं. फळ्यावर खडू उभा धरून ओढला की जो आवाज येतो, तो याच धर-सोडीतून येतो. पॅड आणि कॅलिपर मिळून थरथरतात आणि बिडाची तबकडी तो आवाज मोठा करते.

आता ही थरथर का सुरू होते? हलक्या दर्जाचे पॅड कडक असतात, त्यांचा आवाज नव्यापासूनच येतो. उतारावर सतत ब्रेक धरल्याने पॅड तापून त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला तरी येतो. पॅडच्या पाठीला एक पातळ पत्री बसवलेली असते, तिला शिम म्हणतात. पॅड बदलताना ती जुन्या पॅडबरोबर फेकली गेली की आवाज हमखास. पॅड जिथे कॅलिपरमध्ये सरकतं त्या कडांना उष्णता सहन करणारं खास ग्रीस लावावं लागतं. ते लावायचा कंटाळा केला तरी तेच. या सगळ्या प्रकारांत ब्रेक सहसा लागतो, फक्त कानाला त्रास होतो. अशी गाडी तालुक्याला नेता येते. एवढंच की ब्रेक लागायला पूर्वीपेक्षा जास्त जोर लागत असेल, तर पॅड तापून गेलेले आहेत असं समजून काम लवकर करून घ्यावं.

पण एक किंचाळी मुद्दाम ठेवलेली असते. बऱ्याच पॅडना लोखंडी पट्टीची एक छोटी जीभ असते. नव्या पॅडवर घासणारा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतो. तो झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आला की ही जीभ डिस्कला टेकते आणि चाक फिरताना बारीक शिट्टी वाजत राहते. कित्येकदा ब्रेक न दाबताच ती ऐकू येते आणि दाबल्यावर बंद होते किंवा बदलते. ब्रेक दाबला की आवाज जातो, म्हणजे ब्रेक चांगले आहेत, असं पुष्कळ लोक समजतात. तसं नाही. पॅड संपत आल्याचीच ती खूण आहे. अशा गाडीने सावकाश तालुक्याला जाऊन त्याच आठवड्यात पॅड बदलून घ्यावेत, सोयाबीन निघाल्यावर बघू म्हणून पुढे ढकलू नये. आणि स्वस्तातल्या पुष्कळ पॅडना ही जीभच नसते, तेव्हा शिट्टी वाजली नाही म्हणून निर्धास्त राहायचं कारण नाही.

मागच्या ड्रममधून येणारी किंचाळी, खासकरून रिव्हर्स घेताना, बहुधा आत साचलेल्या धुळीची असते. ड्रम उघडून साफ केला की जाते. ही धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. ती बारीक पूड फुप्फुसात बसते, आणि जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकतं. ओल्या फडक्याने पुसायला सांगा. गॅरेजमध्ये दिवसभर काम करणाऱ्या पोरांसाठी तरी हे सांगाच.

लोखंडावर लोखंड

हा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. ब्रेक दाबताच खालून जाड, खरबरीत 'घर्रर्र' येते आणि पेडलमधून ती पायालाही जाणवते. घासणारा थर पूर्ण संपलेला असतो आणि पॅडची लोखंडी पाटी थेट डिस्कला घासत असते. ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, डिस्कवर खोल चरे पडतात, आणि पॅडपेक्षा कितीतरी महाग असलेली डिस्क बदलायची वेळ येते. पाटी इतकी पातळ झाल्यावर पिस्टन नको तितका बाहेर येतो. तो सुटला तर ऑईल सांडून त्या बाजूचा ब्रेकच जातो.

शेजारच्या काकांच्या जीपचं पुढचं चाक अंगणातच खोललं होतं तेव्हाची गोष्ट सांगतो, कारण ती प्रत्येकाने डोळ्यांनी पाहावी अशी आहे. बाहेरून रिमच्या फटीतून मोबाईलचा उजेड टाकला तर पॅड बोटभर नसलं तरी चांगलं अर्धा इंच जाड दिसत होतं. "पॅड तं आहे ना बापा अजून," काका म्हणत होते. चाक काढून कॅलिपर उचलला तेव्हा आतल्या अंगाचं पॅड हातात आलं. त्यावर थर म्हणून काही उरलंच नव्हतं. पाटी एका बाजूला चाकूच्या पात्याइतकी पातळ झालेली, कडेला निळसर जळकट रंग, आणि डिस्कच्या आतल्या तोंडावर नखाला लागतील असे गोल चरे. बाहेरचं तोंड मात्र गुळगुळीत. कॅलिपर ज्या दोन पिनांवर इकडेतिकडे सरकतो, त्यातली एक पिन चिखल-पाणी जाऊन गंजून जाम झाली होती. कॅलिपर सरकत नव्हता, म्हणून पिस्टनच्या बाजूचं आतलं पॅड एकटंच सगळं काम करत राहिलं. रबरी टोपी फाटली की त्या पिनेत पाणी शिरतं, आणि पांदण रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीत ती फाटायला वेळ लागत नाही. म्हणून पॅड तपासायचं तर चाक काढून आतलंही पाहायचं. 3 मिलिमीटर उरलं की बदलायचं.

हा आवाज आला की तालुक्याची वाट धरू नका. गाडी बाजूला घ्या, मिस्त्रीला फोन करून गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगा, तो पॅड घेऊन मोटरसायकलवर येऊ शकतो. काम फार मोठं नसतं. तीस किलोमीटर तशीच गाडी रेटून वाचलेले पैसे डिस्कमध्ये जातात, आणि वाटेत गुरांचा कळप आडवा आला तर काय जाईल ते सांगवत नाही.

काळी माती, खडा आणि वाकलेला पत्रा

असाच घाबरवणारा, पण निरुपद्रवी निघणारा एक आवाज आपल्या भागात फार येतो. नव्याने मुरूम किंवा गिट्टी टाकलेल्या रस्त्यावरून गेल्यावर अचानक चाकातून कर्णकर्कश घास सुरू होते, ब्रेक दाबा की सोडा, सारखीच. डिस्कच्या मागे धूळ अडवायला एक पातळ पत्रा असतो. डिस्क आणि पत्रा यांच्यात बारीक खडा अडकतो. गाडी थांबवून चार-सहा हात रिव्हर्स घ्या, मग पुढे घ्या, पुन्हा रिव्हर्स. बहुतेक वेळा खडा पडून जातो. नाही पडला तर चाक काढावं लागतं. तो तसाच राहू दिला तर डिस्कला चर पाडतो. धुऱ्यावर किंवा मोठ्या दगडावर चाक चढून पत्राच वाकला असेल तरी असाच आवाज येतो, आणि तो हाताने पुन्हा बाहेर वाकवला की प्रश्न मिटतो.

काळ्या मातीचं आणखी एक. ओल्या वावरातून निघालेली गाडी रिमच्या आत किलो-किलोने चिखल घेऊन येते. तो वाळला की खडक होतो. मग डांबरी रस्त्यावर साठच्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागतं आणि माणूस डिस्क खराब झाली म्हणून गॅरेज गाठतो. ओळख सोपी आहे. ब्रेक न दाबताही थरथर असेल तर आधी रिमच्या आतली माती काढा. फक्त ब्रेक दाबल्यावरच स्टेअरिंग थरथरत असेल आणि पेडल पायाखाली वर-खाली उसळत असेल, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. चाकाचे नट एकसारखे न आवळल्यानेही हे होतं. नट नेहमी समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत. डिस्क लेथवर घासून घेता येते, पण तिची कमीत कमी जाडी किती असावी हे बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं. त्याखाली गेली तर नवीच घ्यावी लागते.

नाला ओलांडून आल्यावर ड्रममध्ये पाणी आणि रेती राहते. ब्रेक काही अंतर नीट लागत नाही, खरखरही येते. मागेपुढे कोणी नसताना सावकाश चालवत ब्रेक हलका हलका दाबून लायनर वाळवून घ्या. आणि मे महिन्यात लांबून तापून आलेली गाडी लगेच विहिरीच्या पाइपखाली धुऊ नका. तापलेल्या डिस्कवर थंड पाणी पडलं तर ती वाकते, कधी तडकतेही. अर्धा तास जाऊ द्या.

ठोका, खडखड, घोंघाट

ब्रेक लावताना एकच 'टक्' आणि रिव्हर्समध्ये ब्रेक लावताना पुन्हा एकच 'टक्' आला, तर पॅड कॅलिपरमध्ये सैल आहेत किंवा कॅलिपरचा बोल्ट ढिला आहे. बोल्टची शंका असेल तर त्याच दिवशी बघा. खराब रस्त्यावर होणारी खडखड ब्रेक हलका धरताच बंद होत असेल तर पॅडच्या क्लिपा गेल्या आहेत. बंद होत नसेल तर ब्रेकला सोडा आणि सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट तपासा. वेगाबरोबर चढत जाणारा 'हूंऽऽ' असा घोंघाट, जो डावीकडे वळताना वाढतो आणि उजवीकडे वळताना कमी होतो, तो बहुधा उजव्या चाकाच्या बेअरिंगचा. उलटं असेल तर डाव्या.

पेडल दाबताना पायापाशी 'सूंऽऽ' असा हवेचा आवाज येतो आणि पेडल दगडासारखं कडक लागतं, तेव्हा ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवून देणारा डबा, किंवा त्याचा पाइप गळतो आहे. इंजिन बंद असताना पेडल पाच-सहा वेळा दाबा, ते कडक होईल. तसंच दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. नाही गेलं तर गाडी थांबेल, पण कितीतरी जास्त जोर लावून. अशी गाडी बायका-पोरांना घेऊन लांब नेऊ नये.

एप्रिल 2019 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोराच्या ब्रेकला चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असणं सक्तीचं आहे. गिट्टीवर जोरात ब्रेक मारला की पायाखाली गडगड होते आणि पेडल मागे ढकलतं. ते एबीएसचं काम चालू असल्याचं लक्षण आहे. घाबरून पाय उचलू नका, दाबूनच ठेवा. सुट्या गिट्टीवर एबीएसची गाडी जरा उशिरा थांबते, तेवढं अंतर आधीच ठेवा.

आवाज न करता जाणारा ब्रेक

परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाऊन येणारे किंवा बुलढाण्याच्या राजूर घाटातून उतरणारे यांनी हे वाचावंच. चढताना इंजिन दमतं, उतरताना ब्रेक. चिखलदरा हजार मीटरहून उंचावर आहे आणि उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच आलं तर पॅड इतके तापतात की घासत असूनही पकड सोडतात. जळका वास हा पहिला इशारा. त्यानंतर ऑईल उकळू शकतं. ताजं डॉट 3 प्रकारचं ब्रेक ऑईल निदान 205 अंशांपर्यंत आणि डॉट 4 निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पण हे ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलावा मुरलेल्या ऑईलचा हाच आकडा 140 आणि 155 पर्यंत खाली येतो. उकळलं की त्यात वाफेचे फुगे होतात, फुगे दबतात आणि पेडल एकदम तळाला जातं. कसलाही आवाज होत नाही.

म्हणून ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी बदला. कोणतं घालायचं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. त्यात इंजिन ऑईल चुकूनही घालू नका, आतले रबर फुगून सगळी यंत्रणा निकामी होते. आणि घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून, किंवा चावी बंद करून उतरण्याची सवय आपल्याकडच्या चांगल्या चांगल्या ड्रायव्हरना आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला रोखत नाही. चावी बंद केली की बूस्टरची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि स्टेअरिंगही जड होतं. गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर हल्लीची इंजिनं तेवढा वेळ इंधन ओढतच नाहीत, म्हणजे न्यूट्रल करून वाचत काहीच नाही.

सपाट रस्त्यावरही जळका वास आला, गाडी एका बाजूला ओढत असली, ॲव्हरेज घसरलं असलं, तर एखादा कॅलिपर किंवा हॅन्डब्रेक अडकलेला आहे. थांबून प्रत्येक रिमजवळ तळहाताची मागची बाजू न्या, स्पर्श करू नका. एकच चाक भट्टीइतकं तापलेलं असेल तर तेच.

ऑईलची पातळी खाली गेली की लगेच भरून टाकायची घाई करू नका. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि टाकीतलं ऑईल हळूहळू उतरतं, म्हणजे ती पॅडच्या झिजेचीही खूण असते. एकाएकी उतरलं तर गळती आहे. चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर डाग दिसतो का ते पाहा, आणि दिसला तर गाडी हलवू नका.

पॅड बदलताना दोन्ही चाकांचे एकदमच बदला, एकाच बाजूचे नव्हे, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी ओढते. जुने पॅड मागून घ्या आणि आतलं-बाहेरचं सारखं झिजलंय का बघा. कमी-जास्त असेल तर पिना साफ केल्या का ते विचारा. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबलेला असतो, त्यामुळे पेडलचा पहिला दाब पूर्ण खाली जातो. गॅरेजच्या दारातून गाडी काढण्याआधी, उभ्या गाडीत, पेडल कडक लागेपर्यंत दाबून घ्या. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक टाळा. तोवर पॅड डिस्कवर बसत असतात, थोडा वास आणि थोडी घास चालेल. त्यानंतरही किंचाळी राहिली तर परत जाऊन शिम आणि ग्रीस लावलं होतं का ते उघडून दाखवायला सांगा.